चार गप्प बदकं

दोष शोधणं ही देशाची सर्वोच्च सेवा आहे, असं आमच्या तपासनीस साहेबांचं मत होतं, आणि स्वातंत्र्य मिळून पाच-सहाच वर्षं झालेली असल्यामुळे अशा मतांना तेव्हा कुणी हसत नसे. अंबरनाथच्या कारखान्यात त्यांच्या खात्यात तयार होणारी प्रत्येक वस्तू त्यांच्या टेबलावरून जाई आणि ते तिला 'पास' किंवा 'नापास' म्हणत. तिसरा शब्द त्यांना ठाऊक नव्हता. अडचण एवढीच, की संध्याकाळी भोंगा वाजला तरी ही देशसेवा थांबत नसे. मी त्यांच्या चाळीत राहायला आलो त्या पहिल्या वर्षात त्यांनी दोन न्हावी, स्टेशनवरचं घड्याळ, एक सत्यनारायणाची पूजा आणि माझी सही एवढ्या गोष्टी नापास केल्या. पूजेत भटजींनी अर्धा अध्याय गाळला होता. माझ्या सहीत नेमकं काय गळलं होतं ते त्यांनी सांगितलं नाही. पण पुन्हा करायला लावली.

मी त्यांच्याच खात्यात कारकून होतो. माझं नाव त्यांना माहीत असणार, कारण ते रोज हजेरीपटावर असे. पण ते मला 'कारकून' म्हणत. "काय कारकून, आज आभाळाचं काय मत?" मी म्हणे, पाऊस येईलसं वाटतं. त्यावर ठरलेलं उत्तर येई, "वाटणं नको. माप सांगा."

त्यांच्या खाकी अर्ध्या चड्डीच्या उजव्या खिशात एक पितळी कडी असायची. कारखान्यातला एक गोल भाग त्या कडीतून सहज गेला तर पास, अडकला तर नापास. कडी जुनी होऊन कामातून बाद झाली तेव्हा त्यांनी ती रीतसर अर्ज करून मागून घेतली आणि तिला घरकामाला लावलं. लिंबं, सुपाऱ्या, कोवळे बटाटे या कडीतून जाऊन मगच स्वयंपाकघरात पोचत. एकदा एका सहकाऱ्याच्या मुलीच्या लग्नात पंगतीला लाडू आले. साहेबांनी शांतपणे कडी काढली आणि पानातले लाडू एकेक करून तपासले. तीन नापास झाले. ते त्यांनी जागीच नष्ट केले आणि वाढप्याला म्हणाले, "पुढची खेप आणा."

चाळ म्हणजे पाच खोल्यांची एक बैठी रांग होती. पहिल्या खोलीत साहेब आणि त्यांच्या पत्नी, ज्यांना मी वहिनी म्हणे. दुसऱ्या खोलीत गणपत आणि त्याची बायको. मधे आणखी दोन बिऱ्हाडं आणि टोकाला मी, एकटा. खोल्यांमधल्या भिंती छपरापर्यंत गेलेल्या नव्हत्या. त्यामुळे एका घरात फोडणी पडली की पाचही घरांत शिंका येत. मागे सगळ्यांचं मिळून एक अंगण होतं, त्यात एक नळ, एक पेरूचं झाड आणि नळाच्या पाण्यामुळे कायम साचलेलं एक डबकं.

वहिनी अलिबागकडच्या. माहेरी घरामागे तळं, तळ्यात बदकं. लग्नाला बारा वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं, आणि साहेब दिवसभर देशसेवेत. नळाचं डबकं पाहिलं त्या दिवसापासून त्यांच्या मनात बदकं होती. त्या मागणं मागण्यातल्या नव्हत्या; पण दर दोन-चार दिवसांनी डबक्याकडे बघत एवढंच म्हणत, "पाणी फुकट चाललंय."

साहेबांनी हा प्रश्न बराच काळ प्रलंबित ठेवला, त्याचं कारण गणपत. तो सातारकडचा, आडव्या बांध्याचा, कारखान्यात वाफेच्या घणाखाली तापलेलं लोखंड ठोकणाऱ्या खात्यात गेली पंधरा वर्षं रात्रपाळीला. सकाळी येऊन झोपे आणि दुपारपर्यंत चाळीत त्याचीच झोप राज्य करी. अंगणात मुलं खेळताना दिसली की तो दारात येऊन गरजे, "आरं, काय बाजार मांडलाय रं? मानसानं झोपायचं का न्हाई?" मुलं पळत. बायका भांडी हलक्या हाताने ठेवत. मी स्वतः सुट्टीच्या दिवशी खोकला आला तर उशीत तोंड खुपसून खोकत असे.

आणि चाळीचे मालक. ते बदलापूरला राहत, त्यांची तिथे भाताची गिरणी होती, आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी चाळीची पाहणी करायला येत. साहेबांनी अखेर त्यांच्यापुढे बदकांचा विषय काढला तेव्हा ते काठीवर दोन्ही हात ठेवून म्हणाले, "पाळा. मुक्या जिवाला मी नाही म्हणणार नाही. पण एक सांगतो. गणपतची एक तक्रार आली, एकच, की बदकं त्याच दिवशी बाहेर. मला चाळीत भांडण नको."

"मुकीच आणतो," साहेब म्हणाले.

पुढच्या रविवारी ते आणि मी सायकलींवरून उल्हासनगरच्या कॅम्पात गेलो. निर्वासितांच्या बराकींसमोर तेव्हा जगातल्या सगळ्या वस्तू विकायला असत. एका बराकीच्या पायरीवर एक म्हातारे सिंधी गृहस्थ कोंबड्या आणि बदकं घेऊन बसायचे. वेताच्या मोठ्या डालग्यात पंधरा-वीस बदकं होती. साहेबांनी खिशातून घड्याळ काढलं, मला वही धरायला सांगितली आणि म्हणाले, "एकेक द्या. तीन-तीन मिनिटं."

म्हाताऱ्याला काही कळेना. "साईं, बतक लेने आए हो या दामाद देखने?"

साहेबांनी बाह्या सरसावल्या. त्यांनी पहिलं बदक कानाजवळ धरलं. त्याने अशी आरोळी ठोकली, की समोरच्या बराकीतून एक बाई बाहेर आली. नापास. दुसरं, नापास. तिसऱ्याने घशातून नुसता घोगरा, सर्दी झाल्यासारखा आवाज काढला आणि मान खाली घातली. साहेबांचा चेहरा उजळला. त्यांनी त्याला हलवलं, उलटं केलं, त्याच्यासमोर टाळी वाजवली. पुन्हा तोच घोगरा श्वास. पास. असं करत दीड तासात अख्खं डालगं तपासून झालं आणि चार बदकं निवडली गेली. देखणी होती. मान हिरवी, चमकदार, शेपटीवर एक पीस ऐटीत वर वळलेलं. मला वाटलं गप्प राहणाऱ्यांना रूप मिळतं.

"अंडे के लिए चाहिए या खाने के लिए?" म्हाताऱ्याने बांधता बांधता विचारलं.

"शांती के वास्ते," साहेब म्हणाले.

म्हाताऱ्याने त्यांच्याकडे थोडा वेळ पाहिलं, मग माझ्याकडे. मग चारही बदकं पटकन टोपलीत घालून वर फडकं बांधलं. "साईं, झूलेलाल आपका भला करे. आप जैसा ग्राहक रोज नहीं आता."

घरी वहिनींनी फडकं सोडलं, बदकं पाहिली, आणि चौघांच्याही शेपट्या निरखल्या. साहेबांनी भिंतीवर एक पुठ्ठा लावला. त्यावर चार रकाने: आवाज, प्रकृती, वर्तन, अंडी. पहिल्या तीन रकान्यांत त्याच संध्याकाळी 'पास' लिहिलं गेलं. चौथ्यात लिहिलं, 'प्रलंबित'.

दुसऱ्या दिवशी मी नळावर पाणी भरत होतो. वहिनी बदकांना भाताचा कोंडा घालत होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "भाऊजी, एक सांगू? चारही नर आहेत."

"म्हणजे?"

"शेपटीवर पीस वळलेलं असतं तो नर. आणि नर ओरडत नाही. ओरडते ती मादी. आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं."

"मग साहेबांना सांगितलं नाहीत?"

"त्यांनी पास करून आणलेत. पास झालेल्या मालाबद्दल बोलायची आमच्याकडे पद्धत नाही." मग कोंड्याचा हात झटकत म्हणाल्या, "असू देत. चालतात छान. वाट बघू देत अंड्यांची."

साहेबांनी वाट पाहिली. रोज सकाळी कामावर जाण्याआधी खुराड्यात कंदील धरून बघत आणि पुठ्ठ्याकडे येऊन पेन्सिल न टेकवता परत जात. आठवडा गेला, दोन गेले. बदकं डबक्यात माना बुडवत, पेरूखाली रांगेने फिरत, मधूनच चोची उघडून तो घोगरा श्वास सोडत. तो आवाज खुराड्याजवळ कान नेला तरच ऐकू येई. वहिनी चालताना गुणगुणू लागल्या होत्या. चौघांना त्यांनी नावं दिली होती, ती साहेबांच्या वरिष्ठांची होती हे मला मागाहून कळलं.

तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी नळावर बायकांची गर्दी असताना गणपत दार उघडून बाहेर आला. लुंगी, डोळे लाल.

"सायेब कुठं हैत?" तो वहिनींना म्हणाला. "न्हाई, म्हनजे तुमचा मान हाय वैनी. पन ही बदकं हैत का बँड? चार दिस झालं, डोळ्याला डोळा न्हाई. नुसता कालवा, नुसता कालवा. येत्या ऐतवारी मालकांस्नी सांगनार म्या."

बायका एकमेकींकडे बघत राहिल्या. बदकं पेरूखाली बसली होती.

साहेबांना हे संध्याकाळी कळलं, आणि ते जेवले नाहीत. त्यांना बदकांपेक्षा दुसरंच लागलं होतं. त्यांच्या हातून पास झालेला माल बावीस वर्षांत एकदाही परत आला नव्हता. वडील गेले तेव्हाही ज्यांनी दीडच दिवस रजा घेतली होती, त्या साहेबांनी रजा टाकली आणि तीन दिवस खुर्ची टाकून गणपतच्या भिंतीशी, वही घेऊन बसले. दर पाच मिनिटांनी नोंद. मी वही पाहिली. पानामागून पान 'शांत', 'शांत', 'शांत', एका ठिकाणी 'कावळा (आपला नव्हे)'.

शनिवारी दुपारी ते मला म्हणाले, "कारकून, चला. साक्षीदार हवा. त्याला वही दाखवू, आणि उद्या मालकांना. माप आहे आपल्याकडे."

गणपत मागच्या पायरीवर आमच्याकडे पाठ करून बसला होता. वहाणेचा अंगठा शिवत होता. "गणपतराव," साहेब म्हणाले. तो शिवत राहिला. "अहो गणपतराव." काही नाही. साहेब तीन हातांवर होते. त्यांनी तिसऱ्यांदा हाक मारली, अशी की मधल्या बिऱ्हाडातून कुणीतरी "आले, आले" म्हणालं. गणपतने दोरा दाताने तोडला.

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मग कोपऱ्यातली लोखंडी बादली उचलली, कंबरेइतकी वर नेली, आणि सोडून दिली.

माझे कान बधिर झाले. बदकं उधळली आणि डबक्यापलीकडे जाऊन, माना ताणून, चारही चोची उघडून उभी राहिली. बादली गणपतच्या पाठीमागे पडली होती. गणपतने मान वर केली ती समोर, बदकांकडे पाहून. चार उघड्या चोची. तो वैतागून त्यांच्याकडे हात नाचवत म्हणाला, "झालं का सुरू परत?" मग वळला, आम्हाला पाहिलं, आणि दचकला. "बघा सायेब. आता तुमीच ऐका."

बदकं उभी होती. अंगणात कसलाही आवाज नव्हता.

साहेबांनी वही पाठीमागे नेली. "ऐकतोय," ते म्हणाले.

गणपतची बायको दारात आली होती. तिने बादली पाहिली होती. तिचा चेहरा असा झाला होता, की मी दुसरीकडे बघायला लागलो.

त्या संध्याकाळी तीच वहिनींकडे येऊन, त्यांच्या कानाशी लागून, दबक्या आवाजात रडली. सात वर्षं झाली होती. घणाच्या आवाजाने आधी डावा कान गेला, मग उजवा. ओठ बघून तो बोलणं ओळखी, आणि भोंग्याच्या वेळेला ती त्याला हलवून उठवी. कारखान्यात दरवर्षी तपासणी व्हायची. डॉक्टर कानामागे घड्याळ धरून 'ऐकू येतं का' विचारत. डॉक्टरांचा हात कानामागे गेला की 'येतं' म्हणायचं, एवढं तिने त्याला पढवून ठेवलं होतं, कारण डॉक्टरांचं घड्याळ बंद कशाला असेल. आणि कुणाला संशय येऊ नये म्हणून तो गोंगाटाची तक्रार करी. कुणाचं तोंड उघडं दिसलं, पळापळ दिसली, की ओरडायचं. चाळीत आणखी दोघं त्याच कारखान्यात होते. बहिरा ठरला तर त्याला घणाखालून काढतील, आणि पंधरा वर्षांत त्याला दुसरं काही येत नव्हतं.

ती गेल्यावर साहेब पुठ्ठ्यासमोर जाऊन उभे राहिले. मी जेवायला त्यांच्याकडे होतो.

"रिपोर्ट तयार आहे," ते भिंतीकडे बघत हलक्या आवाजात म्हणाले. "बदकं निर्दोष आहेत."

"मग?" वहिनींनी विचारलं.

"उद्या मी हे मालकांपुढे ठेवलं, की जी बदकं ओरडतच नाहीत त्यांचा आवाज याला येतो कुठून, असा प्रश्न चाळ विचारणार. सोमवारी तोच प्रश्न कारखान्यात जाणार. बदकं पास केली तर माणूस नापास होतो."

वहिनींनी भात वाढला. "मग बदकं नापास करा."

"खोटा रिपोर्ट?"

"खोटा कसा? चारही नर आहेत. अंडी कुठून देणार?"

साहेब खाली बसले. "नर? कधीपासून?"

"अंड्यातून बाहेर आले तेव्हापासून."

"आणि तू हे आज सांगतेस?"

"वाटणं नको म्हणता ना. माप होईपर्यंत थांबले."

मी त्यांना त्या आधी आणि नंतरही कधी इतकं हसताना पाहिलं नाही. हसता हसता त्यांना ठसका लागला, आणि मधल्या दोन्ही बिऱ्हाडांतून 'पाणी द्या, पाणी द्या' असा सल्ला आला. फक्त गणपतच्या बाजूने नाही आला. ते ऐकून ते पुन्हा हसले, पण या वेळी जरा वेळाने डोळे पुसले.

रविवारी मालक आले. गणपत तक्रार घेऊन उभा राहिला, पण आदल्या दिवशी त्याच्या बायकोने त्याला काहीतरी सांगितलेलं असणार. त्याचा आवाज चढेना. साहेबच पुढे झाले. छातीवर हात ठेवून, अख्ख्या चाळीसमोर म्हणाले, "गणपतरावांची तक्रार रास्त आहे. बदकं सदोष निघाली. तपासणीत माझी चूक झाली." मग वहिनींकडे न बघता म्हणाले, "मला माल बदलून आणायला एक महिना द्या."

चाळीत कुणी साहेबांना 'चूक' हा शब्द स्वतःबद्दल वापरताना ऐकलं नव्हतं. मालकांनाही त्याचं वजन जाणवलं असावं. ते म्हणाले, "महिना. पुढच्या पाहणीला मी स्वतः ऐकेन."

कॅम्पातल्या म्हाताऱ्याने आम्हाला ओळखलं. या वेळी वहिनी बरोबर होत्या, साहेबांच्या सायकलीवर मागे, मांडीवर टोपली. "साईं, शांती मिली नहीं?" त्याने विचारलं.

"मिली," साहेब म्हणाले. "अब अंडा चाहिए."

वहिनींनी डालग्यात हात घातला आणि दोन मिनिटांत तीन माद्या काढल्या. साहेबांचा हात सवयीने घड्याळाकडे गेला, मग परत आला. नरांपैकी एक वहिनींनी ठेवून घेतला होता. बाकीचे तीन म्हाताऱ्याने नाक मुरडत परत घेतले. परतीच्या वाटेवर माद्यांनी अंबरनाथपर्यंत असा गजर केला, की शंकराच्या देवळाकडे निघालेली काही मंडळी रस्ता सोडून उभी राहिली.

आठव्या दिवशी पहिलं अंडं मिळालं. साहेबांनी ते हातात घेतलं, खिशातून कडी काढली, आणि अंडं अडकलं. तीनदा प्रयत्न झाला. अखेर त्यांनी कडी खिशात ठेवली, पुठ्ठ्यावर 'पास' लिहिलं आणि ते अंडं स्वतः गणपतच्या घरी नेऊन दिलं. आता ते त्याच्याशी बोलताना वळसा घालून त्याच्या समोर जात आणि शब्द सावकाश, नीट तोंड उघडून उच्चारत. चाळीला वाटलं, चूक झाल्यापासून साहेब नम्र झाले.

अंडी पाचही घरांत आळीपाळीने जाऊ लागली, आणि ज्याच्या ताटात अंडं आहे त्याच्या कानाला बदकाचा आवाज तितकासा बोचत नाही. माझ्या घरी अंडं चालत नसे. पण माझं घर पुण्याला होतं.

महिन्याने मालक ऐकायला आले. ते फाटकातून आत आले तेव्हाच माद्यांनी त्यांचं स्वागत केलं आणि मग त्या थांबल्याच नाहीत. मालकांनी काठी टेकली. गणपतला समोर बोलावलं आणि ओरडून विचारलं, "काय गणपत, आता काय म्हणणं आहे?"

गणपतने मालकांच्या तोंडाकडे नीट पाहिलं. मग साहेबांकडे पाहिलं.

"काय न्हाई मालक," तो म्हणाला. "लई गुणाची जनावरं. आवाज म्हनून न्हाई."

त्या कोलाहलात मालकांचे डोळे हळूहळू भरून आले. शेजाऱ्यासाठी माणूस एवढं सहन करतो हे त्यांनी चाळीत कधी पाहिलं नसावं. त्यांनी टोपी नीट केली, सगळ्यांना जवळ बोलावलं आणि शेजारधर्मावर चांगलं वीस मिनिटं भाषण केलं. बदकांमुळे त्यातलं एक अक्षर कुणाला कळलं नाही. समोर उभा असलेला गणपत तेवढा शेवटपर्यंत मान डोलावत होता.